सुगरणीचा फोटो कोणाचा?

अन्याय झाला तो माझ्या शांताआत्यावर. पोळ्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सिरसाळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, माईकवरून, शंभरभर माणसांच्या देखत. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण माईकच्या बरोबर वर भिंतीवरचं घड्याळ होतं. तिच्या फोटोला पहिला नंबर मिळाला आणि नाव दुसऱ्याच माणसाचं पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे वडील होते आणि मीही होते. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढं मी ज्यांना बोलणार आहे त्यांनी मला सोवळी समजू नये.

कोणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत सांगायचं आणि काय पाहिजे ते शेवटच्या ओळीत मागायचं, हे मला दादांनी शिकवलं. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा छापखाना. मी बाराखडी पाटीवर गिरवली, पण वाचायला शिकले ते पत्रकांवर. रस्त्यासाठीचा मोर्चा असो, नळाला पाणी नाही म्हणून उपोषण असो, पत्रक दादांकडंच छापून व्हायचं, आणि ओल्या शाईचा पहिला कागद माझ्या हातात यायचा. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला स्वतःच्या नावाआधी वाचता यायचे. घरात झोप लागायची तीसुद्धा पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनच्या ठेक्यावर. मशीन थांबलं की आम्हाला जाग यायची. मागं चुलीपाशी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, परसात म्हशीचं रवंथ, आणि सगळ्या घराला रॉकेलचा वास, कारण शाई रॉकेलनंच धुतली जायची. पाव्हण्यांना आमच्याकडच्या शेंगोळ्यांनाही रॉकेलचा वास यायचा म्हणे. आम्हाला कधी आला नाही. त्या काळात परळीला, माजलगावला कॉम्प्युटर आले होते आणि लग्नपत्रिकांची कामं एकेक करून तिकडं चालली होती. आमच्याकडं पावतीपुस्तकं उरली, आणि पत्रकं. भांडणाऱ्या माणसांना घाई असते, त्यांना परळीला जायला वेळ नसतो.

छापखान्यात अक्षरं जुळवायची ती आत्या. दादांची थोरली बहीण. सासरच्यांनी तिला दोन वर्षांत एका पेटीसकट परत पाठवलं. का पाठवलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादांना म्हणाली, “बसून खायची न्हाई मी. काम दे.” दादांनी तिच्यापुढं शिशाच्या अक्षरांच्या खणांची पेटी ठेवली. त्या अक्षरांना खिळे म्हणतात. पट्टीत ते जुळवताना सगळी ओळ डोक्यावर उभी दिसते आणि छापल्यावर सरळ होते. आत्या शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण वर्षभरात ती उलटी ओळ अशी वाचायला लागली, जशी दुसरी बाई देवळातली आरती म्हणते. पुढं पुढं तिला सवयच लागली. पेपर आला की आधी उलटा धरायची. लग्नाची पत्रिका आली की उलटी. एकदा आईनं भिंतीवर नवं कॅलेंडर लावलं, तर आत्या मान वाकडी करून खालून वर बघत उभी.

“आत्या, सरळ बघ की,” मी हसायचे.

“सरळ बघताना डोळा वाचून मोकळा होतो, इद्ये. बघत न्हाई. उलटं धरलं की बघावंच लागतं. चूक तिथंच सापडती.”

माझं नाव विद्या. आत्यानं मला कधी इद्येशिवाय हाक मारली नाही.

मग घरात मोबाइल आला. दादांनी तो गिऱ्हाइकांचे फोन यावेत म्हणून घेतला होता. दुकानदारानं कौतुकानं सांगितलं, यात कॅमेरापण हाय. दादा म्हणाले, “आमाला फोटो न्हाई काढायचे. त्याचे पैसे कमी करा.” कमी झाले नाहीत. कॅमेरा आला तो आलाच. आत्या रोज सकाळी म्हशीसाठी गवत आणायला रानात जायची. आई म्हणाली, एकटी बाईमाणूस जाते, फोन असू दे सोबत. पहिल्या आठवड्यात आत्यानं फोन पदराला बांधून नेला आणि तसाच परत आणला. दुसऱ्या आठवड्यात परत आल्यावर तिनं तो माझ्यापुढं धरला, अर्थात उलटा, आणि म्हणाली, “हे बघ, कोण भेटलंतं.” काडेपेटीएवढ्या पडद्यावर एक नाकतोडा होता. तुरीच्या शेंड्यावर, पाय आवळून, आत्ता उडेल असा.

त्यानंतर रोज कोणीतरी भेटायला लागलं. दवानं जड झालेलं कोळ्याचं जाळं, कुंपणावर लाल मानेनं बसलेला सरडा, चिखलात बगळ्यानं चालत लिहिलेली ओळ. मुद्दाम ती कुठं जायची नाही. गवत कापता कापता दिसलं तर विळा खाली, फोन वर, खटॅक, की परत विळा. मी एकदा तिला म्हटलं, रविवारी आपण खास फोटो काढायलाच जाऊ. गेलो. दिवसभरात एक कावळासुद्धा जवळ आला नाही. “ठरवून गेलं की पाखरूबी ठरवून उडतं,” आत्या म्हणाली. आता माझ्या ओळखीत मोठमोठे कॅमेरे गळ्यात घालून फिरणारे लोक आहेत. चांगले आहेत बिचारे. पण कामाला निघालेल्या बाईला वाट जे दाखवते, ते बघायला निघालेल्याला दाखवत नाही, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

आमच्या बांधावर जुनी विहीर आहे. तिच्या पाण्यावर एक बाभूळ ओणवी झालेली, आणि श्रावणात त्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकतात. घरटं विणतो नर, नाव होतं सुगरणीचं. पाखरांत तेवढा तरी न्याय आहे. त्या दिवशी आत्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन विहिरीवरून येत होती. एका घरट्याला लोंबकळून पिवळाधमक नर पंख फडफडवत होता. तिनं फोन वर केला, तर मागं सूर्य. पडद्यावर नुसते काळे ठिपके. तिनं खाली बघितलं, तर विहिरीच्या पाण्यात सगळं लख्ख: घरटी, पाखरू, निळं आभाळ. एक हात भाऱ्याला, दुसरा हात फोनला. खटॅक. घरी आल्यावर आमच्या दोघींची डोकी त्या पडद्यावर टेकली. पाण्यातली म्हणून घरटी उलटी होती, दाराच्या नळ्या वर करून उभी, जणू खालून उगवलीत. इतका सुंदर फोटो मी तोवर बघितला नव्हता. त्या दुपारी अक्षरं जुळवताना आत्या गुणगुणत होती, आणि ती गुणगुणते हे आम्हाला तेव्हाच कळलं.

चूक माझी. फोनचं मेमरी कार्ड भरलं होतं, आणि मला वाटलं, ह्यातले पाच फोटो कागदावर यावेत, आत्याला पोळ्याला द्यावेत. मी कार्ड घेऊन दिनूशेठच्या फोटो स्टुडिओत गेले. लग्नाचे अल्बम करणारा माणूस. नवरा-नवरीच्या मागं बर्फाचे डोंगर चिकटवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आमच्याकडं चार-दोन लग्नपत्रिका अजून येत होत्या त्या त्याच्याच ओळखीनं. “उद्या ये,” तो म्हणाला. उद्या गेले. त्यानं रिकामं कार्ड पुढं केलं. “व्हायरस लागलता. फॉरमॅट मारावं लागलं. काय होतं त्यात, सांग की, पाखरंच ना?”

पाखरंच. मी रस्त्यानं रडत आले. आत्यानं ऐकून घेतलं, उठली, म्हशीला वैरण टाकली, बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, “जाऊ दे. इहीर तर हाय ना जाग्यावर.” पण त्यानंतर तिनं फोन रानात नेला नाही. आई द्यायची, ती शिंक्यावर ठेवून जायची. घरात मला कोणी रागावलं नाही. हे सगळ्यात वाईट.

तेवढ्यात गावातल्या एका मंडळानं निसर्गाच्या फोटोंची स्पर्धा भरवली आणि बक्षिसाची प्रमाणपत्रं छापायला आमच्याकडं आली. मजकूर घेऊन दिनूशेठच आला, कारण मंडळात तोही होता. “‘आकाशातली घरटी’ या छायाचित्रास प्रथम क्रमांक,” आणि खाली त्याचं नाव. आत्यानं ते जुळवलं. वाचकांनो, इथं थांबा जरा. स्वतःच्या चोरीला गेलेल्या फोटोचं बक्षीस चोराच्या नावावर करणारी ओळ तिनं आपल्या हातानं, एकेक खिळा उचलून, उभी केली. तिला काय माहीत? तिचा फोटो आकाशातला नव्हताच, विहिरीतला होता.

शनिवारी बाजाराचा दिवस. हॉलमध्ये बाजाराला आलेली माणसंही शिरली होती, बैलांचे गोंडे आणि घुंगरं काखोटीला मारून. परळीहून चित्रकलेचे एक सर परीक्षक म्हणून आले होते. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, आणि मग फोटोवरचं कापड काढलं. खिडकीएवढा फोटो, काचेत बसवलेला. निळं आभाळ, लटकलेली घरटी, पिवळा नर. तोच! पण तोच कसा? आमच्या फोटोत घरटी उलटी होती, ही सरळ लटकत होती. सर सांगत होते, “आणि वरच्या कोपऱ्यात पाहा, ते सगळ्यांत मोठं घरटं. काय रचना साधलीय!” खरंच, वर फोटोच्या कडेपासून एक काळसर, गोल, मोठं काहीतरी खाली लोंबत होतं.

“दादा,” मी म्हटलं, “हा आत्याचा फोटो हाय.”

“गप, इद्ये.”

“कार्ड मी दिलंतं ह्यांना!” मी आता ओरडलेच. हॉल वळला. दिनूशेठ हसला. असं हसू मी पुढं अनेक कचेऱ्यांत बघितलं, आणि दर वेळी मला तोच आठवला. “मोबाइलवरचा? एवढ्याशा खोक्यात असा फोटो येतो व्हय? आन् पुरावा काय, पोरी?” पुरावा त्यानंच पुसला होता. दादांनी माझं मनगट धरलं. “चल घरी. गिऱ्हाईक हाय ते,” ते हळूच म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले.

आत्या मात्र फोटोपुढं उभी होती. पदर खोचलेला, बोटं शाईनं काळी, आणि मान हळूहळू वाकडी होत होती. डाव्या खांद्यावर. आणखी खाली. लोक हसायला लागले, कोणीतरी म्हणालं, काकूची मान लचकली. ती तशीच वाकून बघत राहिली, आणि मग सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर पट्टीतली चूक सापडल्यावरचं ते बारीक हसू होतं.

“शेठ,” ती म्हणाली, “लई चांगला फोटो हाय. कुठं उभं ऱ्हाऊन काढला?”

“बाभळीखाली, काकू. आडवा झालो, वर बघून काढला. मोठा कॅमेरा लागतो त्याला.”

“वर बघून. आन् हे वरचं मोठं घरटं कुणाचं?”

“ते जुनं. नराचं. मोठाच असतो तो.”

“असं.” आत्या वळली. “इद्ये, फोटो खाली घे. उलटा कर.”

मी दादांच्या हातातून मनगट सोडवलं. फ्रेम जड होती. खिळ्यावरून काढली, फिरवली आणि छातीपुढं धरून शंभर माणसांसमोर उभी राहिले. मला स्वतःला काहीच दिसत नव्हतं, काच माझ्याकडं पाठ करून होती. मला दिसले ते समोरचे चेहरे. आधी कोरे. मग एकेकाचे डोळे बारीक झाले. मग मागून मेंढरं राखणारा भिवामामा गर्दी सारत पुढं आला. तो आमच्याच शिवारात हिंडायचा.

“आरं, हे आभाळ न्हाई! ही तर इहीर हाय! तुमच्या बांधावरची! ती बघा पायरीची फुटकी कड.”

सगळा हॉल पुढं सरकला. घरटी आता नळ्या वर करून उभी होती, आणि खाली, फोटोच्या कडेपासून वर आलेली, पाण्यात, एक बाई होती. लुगड्यातली. एक हात डोक्याकडं उचललेला, दुसरा तोंडापुढं. ते ‘मोठं घरटं’ तिच्या डोक्यावर होतं.

“ही मी,” आत्या म्हणाली. “हा माझा भारा. आन् हा फोन.”

सर चष्मा काढून काचेला नाक लावेपर्यंत जवळ आले. दिनूशेठ म्हणाला, “ती... ती असंल कुणीबी, पाणी भरायला आलेली...”

“पाण्यात दिसतो तो फोटो काढणारा, बे!” भिवामामा कडाडला. “म्हंजे ती बाई तूच हायस का? सांग! डोक्यावर भारा हाय तिच्या. तू कवा भारा व्हायलास? साधी कोथिंबिरीची जुडी गड्याच्या हातानं घरी पाठवतूस तू!”

काय हसला तो हॉल! काखोटीतली घुंगरंसुद्धा वाजली. सर माईकपाशी गेले आणि स्वच्छ म्हणाले, “चूक माझी. मी पाण्याला आभाळ म्हणालो. ज्यानं हा फोटो काढला त्याला ते आभाळ वाटणं शक्य नाही.” एवढं कबूल करणारे परीक्षक मला नंतर फारसे भेटले नाहीत, म्हणून त्यांना इथं मानानं लिहिते. दिनूशेठनं घरटी उलटी दिसली म्हणून फोटो ‘दुरुस्त’ केला होता. लग्नामागं बर्फ चिकटवणाऱ्याला विहीर कळली नाही. त्याची ती दुरुस्तीच त्याला नडली.

पण मला खरं बघायचं होतं ते दादांना. ते पुढं आले. दिनूशेठच्या हातातलं प्रमाणपत्र त्यांनी अलगद काढून घेतलं, त्याची नीट चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवली. “शेठ,” ते म्हणाले, “उद्यापासून तुमच्या पत्रिका परळीला छापा. तिथं बरं छापतात.” आणि आत्याकडं वळून, मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाले, “अक्का, चल. परत जुळवावं लागंल.”

आमच्या मागून अर्धा बाजार छापखान्यात आला. दारात, ओट्यावर, खिडकीत माणसं. आत्यानं जुनी ओळ मोडली आणि दिनूशेठच्या नावाचे खिळे एकेक करून खणांत टाकले, खळ, खळ. दादांनी विचारलं, “नाव काय टाकायचं अक्का? सासरचं का माहेरचं?”

“माझं टाक,” आत्या म्हणाली. “शांताबाई. बास.”

आणि तिनं हात घातला तो वरच्या फळीवरच्या लाकडी अक्षरांना, ज्यांनी आम्ही फक्त ‘जाहीर निषेध’ छापायचो. एवढ्या मोठ्या अक्षरात दादांनी मंत्र्याचंही नाव कधी छापलं नव्हतं. फोटोचं नावही तिनं बदललं: ‘विहिरीतली घरटी’. दादांनी मशीनवर पाय ठेवला, एकाच कागदासाठी, आणि एक ठेका वाजला. तो कागद आत्यानं आधी उलटा धरला. मग सरळ. मग दारातल्या माणसांकडं वळवला. भिवामामाला वाचता येत नव्हतं, पण सगळ्यात मोठ्यानं ओरडला तोच. आईनं त्या दुपारी धपाटे केले, दही लावून, येईल त्याला दिले, आणि कोणालाही रॉकेलचा वास आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंक्यावर फोन नव्हता. आत्या तो घेऊन रानात गेली होती.

मी अजून पत्रकं लिहिते. कॉम्प्युटरवर जुळवते, आणि छापायला देण्याआधी कागद उलटा धरून बघते. आत्याचं प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर आहे, आत्याही आहे, फोन तिचा आता मोठा आहे. पण गेल्या महिन्यात एका सकाळी, कोणा अनोळखी माणसाकडून फिरत फिरत, ‘सुप्रभात’ लिहिलेला एक फोटो माझ्याकडं आला. निळं आभाळ, लटकलेली घरटी, पिवळा नर, आणि वरच्या कोपऱ्यात मोठं काळसर घरटं. नाव कोणाचंच नाही. चोर हरला, पण चोरी अजून फिरतेय, आणि ती फिरवणारे तुम्ही आहात.

तेव्हा माझी मागणी ऐका. तो फोटो तुमच्या फोनवर आला तर पुढं ढकलू नका. आधी फोन उलटा धरा. पाण्यात उभी असलेली ती बाई नीट बघा. मग फोटो तसाच फिरवून ठेवा, खाली तिचं नाव लिहा, शांताबाई, आणि ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला परत पाठवा. आजच.